ओट्यावरचा तांब्या

भुताखेतांच्या गोष्टी रात्री घडतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा वैशाखात अकोल्याला येऊन दुपार काढावी. जेवणवेळ टळली की जठारपेठेतल्या आतल्या गल्ल्या ओस पडतात. कुत्री नालीतल्या ओलीत जाऊन पडतात, कडुनिंबाचं पानही हलत नाही, आणि बंद दारांमागून फक्त कूलरची घरघर ऐकू येते. अशा वेळी रस्त्यावर एखादं माणूस दिसलं, तर ते माणूसच आहे ना हे आपण दोनदा बघतो. ही गोष्ट त्या दुपारची आहे. सुरू मात्र झाली अगदी साध्या कामापासून. मैनाबाईंनी घराला कॅमेरा बसवून घेतला.

कारण विचाराल तर चोरी. पलीकडच्या गल्लीतून कोणाची तरी पाण्याची मोटर गेली होती, आणि मैनाबाई घरात एकट्या. नवरा, शालिकरामभाऊ, मागच्या ज्येष्ठात वारलेले. मुलगा सागर पुण्यात नोकरीला. त्यानं तिथूनच कॅमेरा मागवून दिला आणि बसवायला दुकानातून शाकीब आला. शाकीबनं शिडी लावली, फाटकाच्या वर कॅमेरा कसला, आणि मोबाइल मैनाबाईंच्या हातात दिला. फाटक दिसत होतं, शालिकरामभाऊंची झाकून ठेवलेली स्कूटर दिसत होती. त्यापलीकडे रस्त्यासमोरच्या आरतीचा ओटा, ओट्यामागचं अंगण, आणि अंगणातल्या न्हाणीचं पत्र्याचं दारही दिसत होतं.

"काकू, जरासा खाली वाकवतो," शाकीब म्हणाला. "समोरवालीचं पूरं घर येऊन राहिलं याच्यात."

"राहू दे."

"अवो, लोकं नाराज होतात. मागं एका ठिकाणी याच्यावरूनच मोठा झगडा झाला."

"चोर कोण्या बाजूनं येईन थे तुले माहीत हाय का? राहू दे मनलं ना."

शाकीबनं खांदे उडवले आणि शिडी काढली. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण काही त्यानं ऐकली नव्हती असं नाही.

आता खरं कारण. आरती म्हणजे चाळिशीची बाई. नवरा लग्नानंतर लवकरच सुरतेला जातो म्हणून गेला तो गेलाच. तेव्हापासून ती ओट्यावर बसून हार गुंफायची. हिवरखेडकडून झेंडूची पोती यायची, लग्नसराईत तर तिला मान वर करायला सवड नसे. आणि शालिकरामभाऊ फळबाजारातले अडते. शेंदूरजनाघाटच्या संत्र्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. अंगाला, कपड्यांना, स्कूटरच्या सीटलाही संत्र्याचा वास. दुपारी जेवायला घरी यायचे ते आधी आरतीच्या ओट्यापाशी थांबायचे. एक चप्पल काढून तो पाय ओट्यावर घ्यायचे, डोक्याला बांधलेला पांढरा दुपट्टा सैल करायचे आणि म्हणायचे, "पाणी दे व पोरी." आरती माठातलं वाळ्याचं पाणी तांब्याभर आणून ठेवायची. ते तांब्या रिकामा करायचे आणि मग घरी यायचे. वर्षानुवर्षं.

घरात फ्रिज होता, माठ होता, बायको होती. तरी पाणी तिथलंच गोड. मैनाबाईंचा जीव नुसता जळायचा. खिडकीच्या फटीतून त्या रोज तो तांब्या बघायच्या आणि शालिकरामभाऊ घरात आले की ताट आपटायच्या. "पाणीच तर पेतो, मैने," ते म्हणायचे. त्यांच्याशिवाय 'मैने' अशी हाक मैनाबाईंना जगात कोणी मारत नसे, आणि ती हाक ऐकून त्या क्षणभर विरघळायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तांब्या, पुन्हा जळफळाट.

शेवटच्या दुपारी त्यांनी ताट वाढलंच नाही. दारातच अडवून म्हणाल्या, "त्या घरचं पाणी इतकं गोड लागते तर तिथंच राहा जा. इकडं येऊच नका." शालिकरामभाऊंनी बायकोचा शब्द कधी मोडला नव्हता. ते तसेच मागे फिरले, उपाशीच बाजारात गेले, आणि संध्याकाळी तिथून त्यांना आणलं ते झाकूनच. ऊन लागलं, डॉक्टर म्हणाले. वास्तू तथास्तु म्हणत असते, असं जुनी माणसं सांगतात. मैनाबाईंनी ते वाक्य कोणालाच सांगितलं नाही.

त्या रडल्या, अगदी मनापासून रडल्या. पण रडतानाही त्यांचं एक लक्ष आरतीकडे होतं. ही काहून एवढी रडून राहिली? आणि हा एवढा मोठा हार कोणाच्या हक्कानं आणला? दुःखातही मत्सराला जागा असते, आणि मैनाबाईंकडे तर ती ऐसपैस होती.

खरी ठिणगी पडली ती या उन्हाळ्यात. ऊन तापायला लागल्यावर एका दुपारी मैनाबाईंनी खिडकीतून पाहिलं. आरतीनं माठातून तांब्या भरला, ओट्याच्या कडेवर ठेवला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशीही तेच. कोणासाठी? वर्ष व्हायचं होतं अजून, आणि हिनं दुसरा कोणी पाहिलासुद्धा? ज्या बाईवर त्या नवऱ्यासाठी जळत होत्या, तिच्यावर आता त्या नवऱ्याच्या वतीनं जळायला लागल्या. कॅमेरा बसला तो त्या तांब्यासाठी.

पहिल्याच दुपारी मोबाइल थरथरला. सागरनं ॲप मराठीत करून दिलं होतं. पडद्यावर अक्षरं आली: 'व्यक्ती आढळली.' मैनाबाई हातातलं काम टाकून धावल्या. चित्रात आरतीचा रिकामा ओटा होता, तांब्या होता, पांढरंफटक ऊन होतं. माणूस दिसला की कॅमेरा त्याच्याभोवती हिरवा चौकोन काढतो, तसा चौकोन ओट्यावर निघाला होता. चौकोनाच्या आत कोणीच नव्हतं.

"मशीन आहे, आई," सागर फोनवर म्हणाला. पुण्याला राहून त्याची बोली पार धुऊन निघाली होती. "उन्हाची झळ हलते ना, तिलाही माणूस समजतं ते."

"रोज एकाच जागी हलते का झळ?"

"कॅमेरा थोडा फिरव. आणि त्या आरतीताईंच्या घराकडे कशाला लावलाय? चांगलं नाही दिसत ते."

मैनाबाईंनी फोन ठेवून दिला. चौकोन रोज येत राहिला. आरती उतरत्या उन्हात बाहेर येऊन तांब्या उचलायची. भरलेला तांब्या उचलताना मनगट कसं वाकतं ते बाईमाणसाला कळतं. आरतीचं मनगट वाकत नव्हतं. तांब्या रिकामा असायचा.

मग एक दिवस आरतीच फाटकाशी आली. डोक्यावरून पदर, बोटं झेंडूनं पिवळी.

"काकू, तुमचा कॅमेरा माह्या न्हाणीकडं पायते. मले आंग धुवाचीबी चोरी झाली. दाराले साडी बांधून आंघोळ करून राहिलो मी."

"चोरासाठी लावला हाय तो. तुह्यासाठी नाई."

"चोर काय माह्या ओट्यावर येते? थोडा फिरवून घ्या ना…"

"काहून? ओट्यावर असं कोण येते, का तुले लपवा लागते?"

आरतीच्या चेहऱ्यावर रागच यायला हवा होता. तिनं मात्र दचकून मागे ओट्याकडे पाहिलं, आणि पदर सावरत निघून गेली. चोराच्या मनात चांदणं, असं म्हणून मैनाबाई मनातल्या मनात हसल्या. कॅमेरा होता तसाच राहिला.

त्यानंतर एका दुपारी चौकोनात काहीतरी पांढरं दिसलं. मैनाबाईंनी चित्र दोन बोटांनी मोठं केलं. पांढरा दुपट्टा. डोक्याला, कानाला गच्च बांधलेला, त्यामुळे तोंड दिसत नव्हतं. एक चप्पल खाली जमिनीवर. तो पाय वर ओट्यावर. तांब्या हातात, आणि मान जरा मागे.

बसायची ती ढब त्यांनी खिडकीच्या फटीतून आयुष्यभर पाहिली होती. त्या धावत खिडकीशी गेल्या. खिडकीतून ओटा रिकामा दिसत होता. मोबाइलमध्ये ते बसलेले होते.

दुसरी कोणी असती तर किंचाळली असती, देवापुढे बसली असती, गाव गोळा केला असता. मैनाबाईही घाबरल्या हे खरं. पण भीतीच्याही आधी त्यांच्या छातीत दुसरंच काहीतरी पेटलं. जुनं, ओळखीचं.

"मेल्यावरबी तिथंच?" त्या भिंतीला म्हणाल्या. "मेल्यावरबी?"

वर्षभरात ते एकदाही घरात आले नव्हते. स्वप्नातसुद्धा नाही. त्यांच्या उशीवर डोकं ठेवून त्या झोपत, त्यांचा शर्ट कपाटातून काढून हुंगत. शर्टाचा वासही आता उडत चालला होता. आणि हे इथे, हाकेच्या अंतरावर, रोज दुपारी तिच्याकडे पाणी पीत होते. मैनाबाईंना आता एकच गोष्ट हवी होती. नवरा जिवंत व्हावा असं नाही, तेवढं त्यांना कळत होतं. तो आपल्या दारी यावा. एकदा तरी तिच्या दारावरून उठून आपल्या दारी यावा.

त्याला मुहूर्तही जवळच होता. अक्षय तृतीया आली होती. आपल्याकडे त्या दिवशी पितरांची घागर भरतात. नवी मातीची घागर, तिच्यात वाळा घातलेलं पाणी, वर आंबा, आणि समोर पुरणपोळी, आमरस, कुरडई, भज्यांचं ताट. गेलेल्या माणसाच्या नावानं एका जित्या माणसाला जेवायला बोलावतात. त्याचे पाय धुतात, त्याला पाटावर बसवतात, आणि तेवढ्या वेळापुरता तोच घरचा पितर. जेवण झालं की त्याच्यावर अक्षता टाकून म्हणायचं, "तृप्त झाले, आता आपल्या ठिकाणी जा." हे शेवटचं म्हणायला विसरायचं नसतं. शालिकरामभाऊंची ही पहिलीच घागर. पाटावर बसायला मैनाबाईंनी बाजारातले त्यांचे जुने जोडीदार देवीदासभाऊ यांना सांगितलं.

आदल्या दिवशी आरती हार घेऊन आली.

"काकाच्या फोटोले."

"तुले कोणं सांगतलं आणाले?"

आरतीनं हार फाटकावरच ठेवला. आवाज अगदी खाली आणून ती म्हणाली, "काकू… तुमाले कॅमेऱ्यात जे दिसून राहिलं, ते मले कॅमेऱ्याबिगर जाणवते. ऊन तापलं तसं. तहानेलं हाय ते. मी पाणी ठेवतो अन् आत जातो. बोलत नाई, पायत नाई. म्हणूनच म्हणत होतो, कॅमेरा फिरवा. असं टक लावून पाहू नाई."

"माहा नवरा हाय. मी पाईन नाईतर काय करीन."

"पाहा. पण हाक मारू नका… पाणी द्यावं, आवाज देऊ नाई, असं माही आजी सांगे. बोलावलेलं एकटं वापस जात नाई, काकू."

"तुह्याकडं बसलेला तुले चालते, अन् माह्या घरी आला तर चालत नाई?" मैनाबाईंचा आवाज चिरकला. "जाय तू इथून. जाय!"

हार तिथंच फाटकावर वाळून गेला.

अक्षय तृतीयेच्या दुपारी देवीदासभाऊ आले. मैनाबाईंनी त्यांचे पाय धुतले. देवघरासमोर पाट होता, पाटापुढे ताट, बाजूला लाल घागर. मैनाबाईंनी पुरणपोळीवर तुपाची धार धरली. देवीदासभाऊंनी पहिला घास घेतला आणि लाइट गेली. कूलर घरघरत घरघरत थांबला. एवढी शांतता पसरली की देवीदासभाऊंचं चावणं ऐकू येत होतं.

त्या शांततेत मैनाबाईंच्या कमरेला खोचलेला मोबाइल थरथरला. 'व्यक्ती आढळली.'

ते तिथंच होते. आज, त्यांच्या नावाची घागर भरलेली असताना, पुरण शिजलेलं असताना, पहाटेपासून उभं राहून मैनाबाईंनी सोळा पदार्थ केलेले असताना, ते आरतीच्या ओट्यावर नुसतं पाणी पीत बसले होते.

त्या कॅमेऱ्यात बोलायची सोय होती. बटण दाबलं की इकडचा आवाज फाटकावरून निघायचा. मैनाबाई स्वयंपाकघरात गेल्या, बटण दाबलं, आणि वर्षभराचं साचलेलं सगळं ओठांवर आलं.

"तिथं काय बसले? घरी या. मी वाढून बसलो. अन् परत तिकडंच जाचं असन तर जा… पण एकट्यानं जाऊ नका. मलेबी घेऊन जा. तुमाले एकट्याले मी तिच्याकडं बसू देणार नाई."

बाहेर भर उन्हात, सुनसान गल्लीत त्यांचाच आवाज पत्र्यासारखा वाजला. पडद्यावर त्या माणसानं तांब्या खाली ठेवला. पाय खाली घेतला. चप्पल घातली. चौकोन हलला, आरतीच्या ओट्यावरून उतरला, रस्ता ओलांडला, स्कूटरच्या बाजूनं पुढे आला, आणि कॅमेऱ्याच्या खाली दिसेनासा झाला. फाटकाची कडी वाजली नाही.

घरात संत्र्याचा वास आला. वैशाखात संत्री नसतात.

"मैने…" देवघरातून आवाज आला. "पाणी दे."

मैनाबाई दारात उभ्या राहिल्या. पाटावर देवीदासभाऊच होते. मान खाली, एक पाय पाटावरून खाली सोडलेला, एक वर घेतलेला. त्या पुढे झाल्या. भीती होती, पण तिच्यावर मात करून एक आनंद उसळत होता. आले! तिचं पाणी टाकून आले! त्यांनी घागरीतून तांब्या भरून दिला. पाटावरच्या माणसानं तो एका दमात संपवला आणि पुन्हा हात पुढे केला. पुन्हा. पुन्हा. घागर तिरपी करावी लागली, मग उपडी करावी लागली, तरी हात पुढेच होता. तो हात बर्फासारखा गार होता, आणि मैनाबाई रडत, हसत म्हणत होत्या, "गोड हाय ना? सांगा ना… माह्या घरचं गोड हाय ना?"

मग देवीदासभाऊंनी डोळे चोळले आणि इकडेतिकडे पाहिलं. "वहिनी, डुलकी लागली का मले? उनाचं असं होते." रिकाम्या घागरीकडे पाहून ते म्हणाले, "पाणी सांडलं वाटते." आणि विडा घेऊन निघून गेले. त्यांच्या पाठीवर टाकायच्या अक्षता वाटीत तशाच राहिल्या. 'आपल्या ठिकाणी जा' हे मैनाबाई विसरल्या म्हणा, की म्हणायची त्यांची इच्छाच नव्हती म्हणा.

संध्याकाळी सागरचा फोन आला. "आई, दुपारी लाइट गेली होती का? कॅमेरा दुपारभर बंद दाखवतोय. काहीच रेकॉर्ड झालेलं नाही."

मैनाबाईंनी हुं म्हटलं. त्यांना बोलायचं नव्हतं, घसा कोरडा पडला होता. पाणी प्यायल्या, पण ते घशाला लागलंच नाही. फ्रिजचं प्यायल्या, माठाचं प्यायल्या. माठ रिकामा झाला तरी जीभ टाळूला चिकटलेलीच. ऊन लागलं असेल, असं मनाशी म्हणत त्यांनी कांदा फोडून हुंगला आणि पडून राहिल्या. घरात संत्र्याचा वास दरवळत होता. तेवढ्यावर त्यांना समाधानाची झोप लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोबाइल थरथरला. मैनाबाईंनी पडल्यापडल्याच बघितलं आणि ताडकन उठून बसल्या. ते पुन्हा तिथंच! एवढं वाढून, एवढी घागर पाजून पुन्हा तिच्याच ओट्यावर!

आरती बाहेर आली होती. तिनं भरलेला तांब्या ओट्यावर ठेवला. आत गेली, आणि दुसरा तांब्या घेऊन आली. तोही भरलेला. पहिल्याच्या शेजारी ठेवून तिनं वर कॅमेऱ्याकडे पाहिलं, डोळ्यांना पदर लावला, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

दोन कशाला? मैनाबाईंच्या मनात आलं, आणि सवयीनं छातीत पेटलंही. त्यांनी चित्र मोठं केलं. शालिकरामभाऊ रोज ओट्याच्या मध्यावर बसत. आज ते सरकून कडेला बसले होते. शेजारी एका माणसापुरती जागा होती. आज दुपट्टा सैल होता, त्यामुळे तोंड दिसत होतं, आणि ते तोंड आरतीच्या दाराकडे नव्हतं. आरतीच्या दाराकडे त्यांची पाठ होती. मैनाबाईंनी घागरीच्या आदल्या दिवसाचं चित्र काढलं, त्याच्याही आदल्या दिवसाचं काढलं. सगळीकडे आरतीच्या दाराकडे पाठच होती. ते रोज तिथं बसून समोरच्या बंद दाराकडे बघत होते. मैनाबाईंच्या दाराकडे.

"अगं बाई," मैनाबाई हळूच म्हणाल्या.

इतक्या दिवसांचं सगळं जळणं एकदम विझलं आणि उरली ती फक्त तहान. घशापासून खाली पोटापर्यंत नुसती तहान. पडद्यावर दोन तांबे उन्हात चमकत होते आणि दुसऱ्याच्या काठावरून पाण्याचा एक थेंब हळूहळू खाली येत होता. त्या पाण्याची चव कशी असेल, हे आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना जाणून घ्यावंसं वाटलं. त्यांनी मोबाइल पलंगावर ठेवला, पदर डोक्यावरून घेतला आणि दाराची कडी काढली.

बाहेर वैशाखाची दुपार होती. गल्लीत कोणी नव्हतं. अंगणातली फरशी अशी तापली होती की तिच्यावर पाणी शिंपडलं तर चर्रर्र वाजावं. मैनाबाई चपला घालायला विसरल्या होत्या. अर्ध्या वाटेवर त्यांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी थांबून खाली पाहिलं. पायांना काहीच लागत नव्हतं.

मागे घरात, पलंगावर, मोबाइल थरथरत होता: 'व्यक्ती आढळली.'